मोठ्या आबांचं मळवलीतलं भांडण

मोठे आबा गेले तेव्हा पुण्याच्या एका पेपरात त्यांच्याबद्दल छापून आलं होतं. मुत्सद्दी, टीकाकार आणि तत्त्वचिंतक, असं सगळं ओळीनं लिहून शेवटी म्हटलं होतं की आजन्म अविवाहित राहिल्यामुळे ते संसाराच्या कटकटींपासून अलिप्त राहिले. वाचून माझं डोकंच फिरलं. अलिप्त म्हणे! ज्या माणसानं माझं ठरत आलेलं लग्न एका दुपारी बुडवलं, आणि मग मळवलीला जाऊन, परक्याच्या ओसरीवर उभं राहून, घसा बसेपर्यंत भांडून ते परत वर काढलं, तो अलिप्त? लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगावं. मी काही लेखिका नाही. इंदुरीची सातवी पास पोरगी मी, आणि त्या सातवीलाही कारण मोठे आबाच.

त्यांचं नाव हौशीराम. माझे वडील रखमाजी, हे त्यांचे धाकटे भाऊ. नदीकाठी आमची जमीन. आजोबांनी थोरल्याला शाळेत घातलं आणि धाकट्याच्या हातात कासरा दिला. थोरला तळेगावात शिकला, पुण्यात शिकला, आणि एकोणीसशे बाराच्या सुमारास दक्षिणेतल्या एका संस्थानात राजपुत्राला शिकवायला गेला. पुढं तिथंच तो संस्थानचा वकील झाला. संस्थानचा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. राजाच्या वतीनं इंग्रज रेसिडेंटाकडे, शेजारच्या राजांकडे, वेळ पडली तर पार सिमल्याला जाऊन बोलणी करायची, हे त्याचं काम. गावाला हे कधी पटलं नाही. आबा सुट्टीला आले की बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन माणसं ओट्यावर बसलेली असायची. आबा प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, की बाबा रे, मला यातलं काही कळत नाही. लोक म्हणायचे, शिकून माणूस किती कोरडा होतो बघा.

पण त्यांच्या कामात ते पक्के होते. एकदा दोन राजांची भेट ठरत होती, कुठल्याशा टेकडीवरच्या चराईसाठी, आणि ती भेट काही केल्या होईना. कारण काय, तर कोणी कोणासाठी आधी उठून उभं राहायचं हेच ठरत नव्हतं. कागद इकडून तिकडे नुसते फिरत होते. आबांनी काय करावं? नवा घोडा दाखवायचा म्हणून दोघांनाही सकाळी बागेत बोलावलं. घोडा बघायचा म्हणजे दोघं उभेच. बसलेच नाहीत, तर उठायचं कोणी? घोडा बघता बघता टेकडीचं बोलणं झालं आणि मिटलंसुद्धा. हे सांगताना आबा कधी हसायचे नाहीत. वडील मात्र दर वेळेला मांडीवर थाप मारून हसायचे, आणि मग आईला परत पहिल्यापासून सांगायचे.

दरबारात आबा असे लोण्यासारखे मऊ. आणि हाच माणूस हातात लेखणी घेतली की कोणाची भीडभाड ठेवायचा नाही. पुण्याच्या एका मासिकात ते पुस्तकांवर लिहायचे. नवं पुस्तक काढलेल्या माणसाला म्हणे आबांचं नाव ऐकून घाम फुटायचा. एक कवी तर, आबा पुढं लोणावळ्याला राहायला आले तेव्हा, तिथं गाडीतून उतरून, चांगल्या हापूसची पेटी घेऊन त्यांच्याकडे आला. आबांनी आंबे ठेवून घेतले, त्याला जेवू घातलं, स्टेशनवर पोचवलं, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या कवितांची पार सालं काढली. शेवटी एक वाक्य लिहिलं, की कवीचे आंबे मात्र उत्तम होते, हे मुद्दाम नोंदवतो. मी हे वाचून पोट धरून हसले होते. आता वाटतं, किती दुष्टपणा.

राहिलं तत्त्वज्ञान. एकोणीसशे चौतीस साली नोकरी संपवून आबा लोणावळ्याला एका छोट्या बंगल्यात येऊन राहिले, ते एक मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून. त्यात काय आहे असं मी विचारलं, तर म्हणाले, खरं बोलणं आणि माणसाला न दुखवणं ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून होतील का, एवढाच प्रश्न आहे. मी म्हटलं, एवढ्याला ग्रंथ कशाला? तर म्हणाले, तू अजून लहान आहेस. लहान कसली, सतरा वर्षांची घोडी झाले होते मी. पण एक मला तेव्हाही दिसत होतं. राजाकडे गोड, मासिकात कडू आणि ग्रंथात विचार, अशा तीन वेगवेगळ्या खोल्या करून हा माणूस राहत होता. एका खोलीतला माणूस दुसऱ्या खोलीत कधी येऊ द्यायचा नाही.

माझं शिक्षण हा त्यांचा हट्ट. इंदुरीतल्या माझ्या वयाच्या पोरी सासरी जाऊन लेकुरवाळ्या झाल्या, आणि मी बैलगाडीत बसून तळेगावला शाळेत. आई, म्हणजे झुंबरबाई, रोज कपाळावर हात मारायची, पण मोठ्या दिरापुढं बोलायची सोय नव्हती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दाराआड उभी राहायची आणि काय म्हणायचं ते वडिलांना सांगायची. वडील ते आबांना सांगायचे. सातवी झाली, आणि व्हायचं तेच झालं. एका ठिकाणी म्हणाले, मुलगी फार शिकली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वय झालं. दोन सोयरिकी अशा मोडल्या. गावात बाया पाणवठ्यावर माझ्याकडे बघून गप्प बसायला लागल्या. मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा मळवलीचं स्थळ आलं, आणि आईनं देवीला सांगितलं की बाई, हे आता शेवटचं.

मळवलीचे भिमाजी म्हणजे चांगला खाऊन-पिऊन सुखी माणूस. भाताची खाचरं, शिवाय मुंबईकरांच्या दोन बंगल्यांची राखण. भजनात पुढं, आणि लग्नाची मंगलाष्टकं रचण्यात तर पंचक्रोशीत त्यांचं नाव. मुलगा गेणू लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. मला बघायला आले तेव्हा बायकांनी मला चालायला लावलं, वाचायला लावलं, हाताची बोटं बघितली, सगळं झालं. पाणी पिऊन झाल्यावर बाकीच्यांनी फुलपात्रं तिथंच ठेवली. गेणू उठला, सगळ्यांची गोळा केली आणि आत माझ्या हातात आणून दिली. त्याचे मामा त्याच्याकडे बघतच राहिले. मी त्याच क्षणी ठरवलं, की करीन तर इथंच. आता हे कोणाला सांगणार? आबांना सांगितलं. लोणावळ्याला पत्र्याच्या डब्यात दशम्या घेऊन गेले होते, तेव्हा मान खाली घालून सांगितलं. आबांनी डबा उघडून एक दशमी खाल्ली. मग म्हणाले, बोलणी मी करीन. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. ज्यानं राजांची भांडणं मिटवली, त्याला मळवलीचे भिमाजी म्हणजे काय मोठंसं!

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आमच्याकडे लग्नाची बोलणी म्हणजे काय असतं ते सांगते. मुलाकडचे मागतात, मुलीकडचे नाही म्हणतात. लग्न कोणाच्या दारात, वऱ्हाडाला वाजंत्री कुठपासून, विहिणीचे पाय कोणी धुवायचे, फेट्याचा मान कोणाकोणाला, एकेका गोष्टीवर घासाघीस. दुपारी सुरू झालेलं दिवे लागेपर्यंत चालतं. मध्ये एकदा तरी मुलीचा बाप आणि एकदा तरी मुलाचा बाप फेटा झटकून उठतो, आमाला न्हाई जमायचं म्हणतो, आणि चार पावलं जातो. मग मध्यस्थ त्याच्या मागं धावतो, हात धरून परत आणून बसवतो. हे सगळं झालं म्हणजे पंचांसमोर सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. आमच्या वेळी मध्यस्थ होते अंबाजी, दोन्हीकडचे नातेवाईक. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. धावताना पायात येऊ नयेत म्हणून ते बोलणीच्या दिवशी वहाणा दाराजवळ न काढता मागच्या अंगाला काढायचे.

माघ महिना होता. आमच्या ओसरीवर सतरंज्या घातल्या. मी आईबरोबर आत, दाराच्या फटीला डोळा लावून. भिमाजींनी घसा साफ करून सुरुवात केली. लग्न आमच्या दारात व्हावं. आबा म्हणाले, मान्य. भिमाजी जरा थांबले. वऱ्हाडाला तळेगाव स्टेशनापासून वाजंत्री आणि गाड्या. आबा म्हणाले, मान्य. लग्न मळवलीला, तर तळेगावला वऱ्हाड कशाला येईल, हे सुद्धा त्यांनी विचारलं नाही. विहिणीचे पाय ऊन पाण्यानं धुवावेत. मान्य. आमच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना फेटे. मान्य. आई आत माझा दंड इतका घट्ट दाबायला लागली की वळ उठले. अंबाजी बिचारे उठायच्या तयारीत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, ते तसेच राहिले. शेवटी भिमाजींना मागायलाच काही उरलं नाही. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं. आबांच्या हातात देऊन म्हणाले, वकीलसाहेब, तुमी मोठमोठ्या कवींची परीक्षा घेता, जरा आमचं बी बघा. आबांनी वरच्या चार ओळींवर नजर टाकली, कागद नीट घडी करून परत दिला आणि म्हणाले, वा, उत्तम आहे.

आख्ख्या आयुष्यात या माणसानं कोणाच्या कवितेला खोटं उत्तम म्हटलं नव्हतं. ते म्हटलं, आणि तेही माझ्या लग्नात.

भिमाजींनी कागद खिशात ठेवला. चहा प्याले. सुपारीचं ताट समोर होतं, त्याकडे बघून म्हणाले, आज अमावस्या जवळ हाय, चार दिवसांनी फोडू. गाडी जुंपली आणि निघून गेले. आबा खूश होते. आम्हाला म्हणाले, बघा, अर्ध्या तासात मिटलं. पोरीचा बाजार मांडायचा नव्हता मला. आमच्या मुलीच्या नावानं कोणी घासाघीस केलेली मला खपणार नाही. हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. म्हणून मला त्यांच्यावर नीट रागावताही येईना.

चार दिवस गेले, आठ गेले. मळवलीहून कोणी येईना. मग एका सकाळी अंबाजी आले, ओसरीवर बसले, आणि पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. भिमाजींच्या घरात संशय शिरला होता. मुलीकडचा माणूस, तो बी राजाचा वकील, कशालाच न्हाई म्हणत न्हाई, याचा अर्थ काय? मुलीत काहीतरी खोट असणार. फिट येत असतील. पायानं अधू असेल, लुगड्यात दिसली नसेल. आधीच्या दोन सोयरिकी उगीच का मोडल्या? आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ते मंगलाष्टक. भिमाजी म्हणाले होते, हा माणूस भल्याभल्यांना फाडून खातो, आणि माझ्या कवनाला उत्तम म्हणतो? येवढा का लाळ घोटतोय?

मी आत चुलीपुढं बसले होते. अंबाजींनी सांगितलेलं सगळं ऐकलं. बोलणीपर्यंत येऊन मोडलेलं स्थळ म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पुढं कोणी दारात आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी यावं असं मला वाटतही नव्हतं. मला तो फुलपात्रं उचलणाराच पाहिजे होता.

आबा त्या दिवशी इंदुरीतच होते. अंबाजींच्या समोरच बसून ते ऐकत होते. तेवढ्यात आई दाराआडून बाहेर आली. लग्न होऊन आल्यापासून ती मोठ्या दिराशी एक शब्द समोरून बोलली नव्हती. पदर पुढं होता, पण आवाज आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. म्हणाली, "तुमी राजांची भांडणं मिटवली आसतील. हितं भांडायचं हुतं. माझ्या लेकीसाठी येकदा भांडला असता तर तुमचं काय गेलं असतं?" आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. वडील म्हणाले, अगं, अगं. आबा उठले, पायात चपला घातल्या आणि वडिलांना म्हणाले, चल, गाडी जुंप. तळेगावला जाऊन दुपारची गाडी धरू.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. वडिलांनी सांगितलं, आणि नंतर माझ्या सासूबाईंनी, सरुबाईंनी, भात निवडताना इतक्या वेळा सांगितलं की मी तिथंच होते असं मला वाटतं. त्या आत जात्यापाशी बसून सगळं ऐकत होत्या.

दोघं मळवलीला उतरले आणि तडक भिमाजींच्या ओसरीवर गेले. भिमाजींनी बसा म्हटलं, पण बसा म्हणण्यात काही जीव नव्हता. आबा बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, त्या दिवशी मी खोटं बोललो, ते परत घ्यायला आलो आहे. लग्न तुमच्या दारात होणार नाही, इंदुरीला आमच्या दारात होईल. वाजंत्री स्टेशनापासून मिळणार नाही, वेशीपासून मिळेल. विहिणीचे पाय धुऊ, आनंदानं धुऊ, पण सगळ्या भजनी मंडळाला फेटे बांधायला मी काही संस्थानिक नाही. वडील म्हणाले, मी घाबरून दादाचा कोट मागून ओढत होतो. पण आबा ऐकतात कुठं.

भिमाजी लालबुंद झाले. म्हणाले, मग त्या दिवशी काय तोंडात गूळ धरला व्हता? आबा म्हणाले, होय, गूळच धरला होता. आता तो कागद आणा. कोणता कागद? मंगलाष्टकाचा. आणा तो, मी तो नीट वाचलेलासुद्धा नाही.

भिमाजींनी कागद आणला, तो जवळजवळ फेकलाच. आबांनी चष्मा लावला आणि मोठ्यांदा वाचायला लागले. पहिल्या कडव्यात राम-सीता, दुसऱ्यात शंकर-पार्वती, तिसऱ्यात समुद्र, चौथ्यात हिमालय. आबा प्रत्येक कडवं वाचायचे आणि त्याची चिरफाड करायचे. हे दुसऱ्याच्या लग्नात ऐकलेलं आहे. हे उष्टं आहे. समुद्र कधी बघितलात का तुम्ही? हिमालय मी बघितला आहे, तो असा नाही. भिमाजी तेवढ्याच जोरानं उलट बोलत होते, की लग्नात देव न्हाई आणायचे तर काय रेल्वेचं टाइमटेबल आणायचं? शेजारीपाजारी गोळा झाले, त्यात गावचे पंचही. भांडता भांडता आबांचं पुणेरी बोलणं कुठल्या कुठं गेलं. "लय झालं तुमचं," असं ते ओरडले, तेव्हा वडील चमकले. तीस वर्षांत थोरल्या भावाच्या तोंडून असं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, तवा मला पयल्यांदा वाटलं की ह्ये आपल्यातलंच माणूस हाय.

चौथ्या कडव्याला भिमाजी म्हणाले, येवढी नावं ठेवायची तर आमच्या घरात पोरगी द्यायची न्हाई म्हणा की सरळ. आबांनी कागद खाली ठेवला, फेटा झटकला आणि म्हणाले, आमाला न्हाई जमायचं. आणि निघाले. आता गंमत अशी की मागं धावायला तिथं अंबाजी नव्हते. ते इंदुरीतच राहिले होते. आबा ओसरीच्या पायरीपर्यंत गेले. वडील जागचे हलेनात. भिमाजी स्वतः कसे धावतील, ते तर मुलाचे बाप. आबा पायरी उतरले. अंगणात पोचले. सासूबाई म्हणतात, मानसं एकदा का फाटकाबाहेर गेली की संपलं, असं वाटलं.

फाटकातून गेणू आत येत होता. शेडवरून आलेला, हाताला तेल, कपडे काळे. ओसरीवरचा आवाज त्यानं रस्त्यावरूनच ऐकला असणार. त्यानं आबांकडे बघितलं, बापाकडे बघितलं. नवरा मुलगा हे काम कधी करत नाही, करूही नये. पण त्यानं आपला तेलकट हात पुढं केला, आबांचं मनगट धरलं आणि म्हणाला, "बसा आबा. चारच कडवी झालीत, अजून चार ऱ्हायलीत."

आबा परत आले. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर गेणूची चार बोटं उमटली होती. यावेळी ते बसले, आणि पाचवं कडवं वाचायला लागले. दोन ओळी मोठ्यांदा वाचल्या. मग आवाज खाली आला. मग नुसतेच बघत राहिले.

त्या कडव्यात देव नव्हते. भिमाजींनी त्यात भाताचं रोप घातलं होतं. वाफ्यातनं उपटून खाचरात लावलेलं रोप पहिल्यांदा मान टाकतं. तेव्हा त्याला हात लावू नये, हलवून बघू नये, का सुकलं म्हणून विचारू नये. फक्त पाणी तोडू नये. ते आपलं आपण उभं राहतं. आमच्या घरी येणाऱ्या पोरीला आम्ही असं सांभाळू. एवढंच होतं.

भिमाजींनी विचारलं, आता का थांबला? ह्येला बी नावं ठेवा की. आबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, याला मला काही बोलता येत नाही. हे खरं आहे. असं मला लिहिता आलं असतं तर मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कवितांना नावं ठेवत बसलो नसतो.

भिमाजी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हा परत गूळ धरतोय का ते पाहत होते. मग आत तोंड करून म्हणाले, "अगं, सुपारी आण."

संध्याकाळच्या गाडीनं दोघं परतले. वेशीपाशी बैलगाडीचा आवाज ऐकून आई पळत बाहेर गेली, आणि मी आत उभी. वडिलांनी आत येऊन फुटलेल्या सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. मी मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. इतके दिवस रडले होते ते दुःखानं. हे रडणं निराळं होतं. रडता रडताच भूक लागली, आणि त्या रात्री मी चार भाकऱ्या खाल्ल्या. आईनं आबांना स्वतःच्या हातानं वाढलं. पदर पुढं ओढलेला होता, पण बोलली समोरून. म्हणाली, अजून घ्या की थोडं. आबांचा आवाज पार बसला होता. त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

नंतर त्यांनी त्या ग्रंथाची बरीच पानं फाडून परत लिहिली, असं मला कळलं. काय बदललं ते मला माहीत नाही. मासिकात लिहिणं त्यांनी सोडलं नाही, पण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय हातात लेखणी धरायचे नाहीत. एकदा मी चिडवलं, की आबा, पाचव्या कडव्याला घाबरता वाटतं? तर म्हणाले, घाबरतो. चव्वेचाळीस साली ते लोणावळ्यालाच गेले, झोपेत. ग्रंथ छापला गेला नाही.

लग्न वैशाखात झालं, आमच्याच दारात. मी मळवलीला आले, आणि आल्या आल्या मान टाकली. इंदुरीची, नदीची, शाळेची, सगळ्याची आठवण येऊन जेवण जाईना. भाकरी करपायची, हाक मारलेली ऐकू यायची नाही. सासूबाईंच्या तोंडावर प्रश्न दिसायचा. पाहुणी म्हणून आलेली नणंद एकदा म्हणाली, हिला झालंय तरी काय, नुसती बसून असते? मामंजी, म्हणजे भिमाजी, ओसरीवर पान लावत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिला कोणी हात लावू नका."

कोणी लावला नाही. मी आपली आपण उठले.